थांबलेला निरोप

थांगलुंगला बातमी पायी येते. खिंडीच्या अलीकडे टॉवर नाही, सरहद्द जवळ म्हणून कोणी उभारूही देत नाही. त्यामुळे इथं माणसांच्या आणि याकांच्याही गळ्यात सांगावा-मणी असतात. दोन मणी दहा पावलांवर आले की एकमेकांकडचे निरोप उतरवून घेतात आणि सवडीनं बोलून दाखवतात. खिंडीपलीकडे फोनवर आलेले निरोपही वाटसरूंच्या मण्यांतून असेच इथं पोचतात. कोणाची घोडी व्याली, कोणाचं लग्न मोडलं, सगळं सगळ्यांना कळतं. खासगी निरोप हा प्रकारच नाही. गाव त्यात मजेत आहे, उगाच कीव करू नका.

हे मणी बनवणारी सुनेत्रा बर्वे दर वर्षी तपासणीला यायची आणि गावातल्या म्हाताऱ्या देचेनआमाकडे उतरायची. यंदा मात्र तिचं अर्धं लक्ष मिरजेला होतं. सोमवारी वडिलांचं ऑपरेशन झालं असणार. आज शनिवार उजाडला तरी निरोप नव्हता, आणि उद्या सकाळी तिला खिंड चढायची होती.

गावानं लाड मात्र भरपूर केले. कोणी अक्रोड आणून दिले, कोणी लोकरी मोजे. इतके लाड माहेरीही होत नाहीत, असं ती हसून म्हणालीसुद्धा.

दुपारी तिनं आपला मणी टॅबला जोडला. चाळीस निरोप, त्यातला एक रोखलेला. कारण: ‘ऐकणारी खिंड चढणार आहे.’

सुनेत्रानं ती ओळ पुन्हा वाचली. हे मणी नुसते निरोप वाहत नाहीत, माणसं कोणता निरोप कधी सांगतात ते बघून शिकतात. आणि थांगलुंगची जुनी रीत अशी, की खिंड चढणाऱ्याला वाईट बातमी सांगायची नाही. रडत्या डोळ्यांनी बर्फावर पाऊल नीट पडत नाही. ही रीत मण्यांना कोणी शिकवली नव्हती. ती त्यांनी आपणहून उचलली, म्हणून सुनेत्रानंच गेल्या वर्षी परिषदेत कौतुकानं भाषण ठोकलं होतं.

“आमा, माझ्या मण्यात एक निरोप अडकलाय.”

देचेनआमा चुलीत शेणी सारत होती. “अडकला नाही. थांबलाय.”

“म्हणजे तुम्हाला माहीत आहे?”

“मला कुठं खिंड चढायचीय? तू शाळेत मणी वाटत होतीस, तेव्हा माझा बोलला. बुधवारी.”

“आणि गावाला?”

“सगळ्यांना.”

“मग सांगायचं नाही का मला?”

“बुधवारी वर वादळ होतं, पोरी. सांगितलं असतं तर थांबली असतीस?”

नसती थांबली. तिला ते पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचाच भयंकर राग आला.

“मी उद्या जात नाही,” ती म्हणाली.

म्हातारीनं चुलीजवळची सतरंजी झटकून तिच्यासाठी सरळ केली. मण्यानं दोघींचं ऐकलं होतंच. तो तिच्या धाकट्या भावाच्या आवाजात बोलू लागला.

“ताई, बाबा गेले. तू येतेस का, एवढंच कळव. अंत्यविधीसाठी आम्ही शुक्रवारपर्यंत थांबतो.”