तीन हजार पानांचं उलटं झाड

शाल्मलीने सकाळपासून तीनदा एकच दुरुस्ती केली होती आणि तिन्ही वेळा ती आपोआप पुसली गेली होती.

चंद्रावरच्या वस्तीत पहिल्यांदाच कोंबडीची अंडी उबवायला ठेवली होती. बारा अंडी, आज एकोणिसावा दिवस. पण कालपासून उबवणयंत्राचा (अंड्यांना कोंबडीसारखी ऊब देणाऱ्या पेटीचा) संगणक अर्ध्या तासाने झोपी जाई. तो झोपला की पेटी गार. शाल्मली त्यात ‘कधीही झोपू नकोस’ असं नोंदवायची. तो ऐकायचा, आणि तास-दीड तासाने पुन्हा मूळपदावर!

“आबा, भूत आहे त्यात!”

“इथे हवा नाही, पाणी नाही. भूत तरी कशाला येईल?” आबा म्हणाले. वस्तीतले सगळे संगणक तिचे हे आजोबाच सांभाळायचे. त्यांनी भिंतीवरचा पडदा उजळवला आणि शाल्मली धावत जवळ गेली.

पडद्यावर एक भलंमोठं झाड होतं, पण उलटं. मूळ वर, फांद्या खाली, आणि पानांच्या जागी लुकलुकणारे ठिपके.

“प्रत्येक ठिपका एक संगणक. तीन हजार आहेत. एकेकाला सांगत बसलो, तर जन्म पुरायचा नाही. म्हणून त्यांचे गट करायचे आणि गटधोरण (अख्ख्या गटाला लागू होणारा नियम) फांदीवर टांगायचं. ते खालच्या प्रत्येक पानापर्यंत झिरपतं. दर दीड तासाने प्रत्येक संगणक मुख्य संगणकाला विचारतो, ‘माझे नियम काय?’ आणि तुझी दुरुस्ती पुसून तेच पाळतो.”

“मग झोपेचा नियम टांगला कुणी?”

आबांनी चष्मा काढून उगाचच पुसला. “मीच. परवापासून चौदा दिवसांची रात्र. ऊन नाही, म्हणजे नवी वीज नाही. म्हणून ‘अर्धा तास कुणी हात लावला नाही, तर झोप’ हा नियम काल थेट मुळाशीच टांगला. सोपं वाटलं गं.”

“काढून टाका ना!”

“काढला तर बॅटऱ्या नवव्या दिवशीच संपतील.”

शाल्मली पेटीचा ठिपका शोधू लागली. तो स्वयंपाकघराच्या फांदीवर सापडला, कणीक मळायच्या यंत्राशेजारी.

“इथे का?”

“पेटी स्वयंपाकघरात ठेवलीय म्हणून.”

“पण ती काही शिजवत नाही, आबा! शिजवू नये हीच तर तिची नोकरी!”

आबा हसले. “खरंय. मी जागा बघून गट पाडले. काम बघायला हवं होतं.”

“दवाखान्यातलं श्वासयंत्र पण झोपेल?”

आबांचा चेहरा उतरला. “झोपेल. आज त्यावर कुणी नाही, हे नशीब.”

दोघांनी मिळून नवी फांदी काढली. शाल्मलीने नाव दिलं, ‘जीव सांभाळणारे’. तिच्यावर नियम टांगला: कधीही झोपायचं नाही.

“पण मुळाचा नियम वरचा आहे ना?”

“दोघांचं भांडण झालं, तर जवळच्या फांदीचं चालतं. आणि आधी एकाच पानावर करून बघायचं. ही अक्कल मला काल सुचली नाही.”

पेटीचा ठिपका नव्या फांदीवर आला. आबांनी सांगताच पेटीच्या संगणकाने दीड तास न थांबता नवे नियम मागून घेतले. दोघं पेटीजवळ जाऊन बसली. अठ्ठावीस मिनिटं. एकोणतीस. तीस.

एकतीस! पेटीचा दिवा तसाच सुरू.

मग श्वासयंत्र, हवा ताजी ठेवणारी हवाबाग, पाणी शुद्ध करणारे पंप अशी एकेक पानं त्या फांदीवर आली. एक्केचाळीस ठिपके हिरवे झाले आणि जागे राहिले. बाकी झाड, एकेकाला काही न सांगता, काम संपेल तसं डोळे मिटत गेलं. एका ओळीचा नियम आणि अख्खी वस्ती ऐकत होती! शाल्मलीच्या अंगावर काटा आला.

“मंगळावर वस्ती झाली तर?”

“तिचीही फांदी याच झाडाला फुटेल. नियम कुठे टांगायचा, ते मात्र तू ठरव.”

“तुम्हाला विचारून.”

“विचार. पण माझंही तपासून घे.”

इतक्यात पेटीतून बारीक आवाज आला. शाल्मलीने कान लावला. सातव्या अंड्याच्या आत कुणीतरी चिवचिवत होतं.