शेरा : दोनदा तपासले

माणूस जातो, नोंद राहते!

केवढं थोर वाक्य. मास्तरांनी ते ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनवर चिकटवलं होतं. खाली कुणीतरी पेनने लिहिलं होतं, ‘थोडी साखरही राहू द्या.’

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आमच्या भाचीच्या बाबतीत घडलेली. खोटं बोलताना तिचे कान लाल होतात. हे सांगताना ते पांढरेफटक होते.

रविवार. दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. भुताखेतांच्या हिशेबी अगदीच आडवेळ.

भाची एका लहानशा इंटरनेट कंपनीत नेटवर्क सांभाळते. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ती एकटीच होती. समोर मास्तरांचं रिकामं टेबल. मास्तर म्हणजे तिचे वरिष्ठ. तीन महिन्यांपूर्वी गेले. त्यांचा कॉम्प्युटर भंगारात गेला. खुर्ची मात्र कुणी घेतली नव्हती. कमरेला चांगली नाही, असं सगळे म्हणायचे.

आता एवढं समजून घ्या. इंटरनेटवर कुठले पत्ते कुठल्या कंपनीच्या दारातून जातात, याच्या जाहीर नोंदवह्या असतात. मोठ्या कंपन्या त्या वाचूनच रस्ते उघडतात. नोंद नाही, तर रस्ता नाही.

मास्तर असतानाच ठरल्याप्रमाणे त्या दिवशी इस्पितळाला नवे पत्ते दिले होते. जुने चार वाजता कायमचे बंद. चारलाच पुढची मोठी कंपनी नोंदवही वाचणार. आणि साडेचारला एका लहान मुलीचं ऑपरेशन. परगावचे सर्जन स्क्रीनवर बघून इथल्या डॉक्टरांना सांगणार होते.

भाचीने सहज नोंदवही उघडली.

नव्या पत्त्यांची नोंदच नव्हती…

मास्तरांनी जाण्याआधी केली असेल, असं ती धरून चालली होती. कारण नोंदीला ते दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. पासवर्ड एकट्या त्यांच्या डोक्यात. आणि ते डोकं आता… असो.

तिने मालकांना फोन लावला.

“अगं, मास्तरांच्या घरी विचार की!”

“विचारलं. काकू म्हणाल्या, ह्यांनी मला कधी कपाटाची किल्ली दिली नाही, पासवर्ड कुठला देतायत?”

“मग नोंदवहीवाल्यांना सांग.”

“त्यांना रविवारची सुट्टी आहे.”

“बरं. घाबरू नकोस, मी आलो,” मालक घाबरून म्हणाले.

तीन एकेचाळीस.

भाची डोकं धरून बसली होती. खोलीत फक्त मशीनची घरघर.

आणि…

टक्क. टक्क.

मास्तर एंटरचं बटण असंच दाबत. जोरात. दोनदा. जणू ढेकूण मारतायत.

तिने वर पाहिलं. समोरच्या टेबलावर कीबोर्डच नव्हता.

तेवढ्यात मेल आली. ‘आपली नोंद स्वीकारली आहे.’

इस्पितळाचे पत्ते. बिनचूक. वेळ आत्ताची. सही मास्तरांच्या खात्याची. शेऱ्याच्या ओळीत, ते नेहमी लिहीत तेच… ‘दोनदा तपासले.’

भाचीच्या अंगावर सर्रकन काटा आला. कुणाला तरी पासवर्ड माहीत असणार, तिने स्वतःला समजावलं.

मग तिला खाली दुसरी नोंद दिसली. एकच पत्ता.

मास्तरांच्या भंगारात गेलेल्या कॉम्प्युटरचा.

एखादा पत्ता किती टप्प्यांवर आहे, हे विचारायची एक कमांड असते. विचारायला नको होतं. तिने विचारलं.

नऊ टप्पे. उत्तर आलं, म्हणजे पलीकडे काहीतरी चालू होतं.

तिने पुन्हा विचारलं.

सहा.

पुन्हा.

तीन…

जे काही होतं, ते जवळ येत होतं.

चार वाजले. फोन खणाणला. ती किंचाळलीच.

“इस्पितळातून बोलतोय. नव्या पत्त्यावर सगळं व्यवस्थित आहे. सर्जन दिसतायत. आभारी आहोत, हं!”

कुणाचे आभार, हे तिला विचारवेना.

धापा टाकत मालक आले. सगळं ऐकून हसले. “पोरी, तू जेवली नाहीयेस,” म्हणाले आणि स्वतः कमांड दिली.

एक.

“एक म्हणजे कुठे गं?”

“एक म्हणजे… याच खोलीत.”

दोघांनी हळूच भिंतीवरच्या स्विचकडे, म्हणजे सगळ्या टेबलांच्या केबल जिथे येतात त्या पेटीकडे, पाहिलं. मास्तरांच्या टेबलाची केबल अठरा नंबरच्या खाचेत असायची. कधीच काढली होती. खाच रिकामी होती.

आणि तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता…

कमरेला चांगली नसलेली ती खुर्ची करकरली. कुणी टेकून बसावं, तशी.

ऑपरेशन नीट झालं. ती दुसरी नोंद आजही तिथेच आहे. खोडायला मास्तरांचा पासवर्ड लागतो. भाची आता त्या टेबलाकडे पाठ करून बसत नाही, आणि तोंड करूनही नाही.

पण त्या क्षणी मालकांनी काय करावं? घाम पुसला. खुर्चीसमोर हात जोडले.

“मास्तर… आलाच आहात, तर तेवढा प्रिंटर बघून जाता का? महिनाभर कागद अडकतोय.”