पिवळ्या झेंड्याचा हुकूम

“कासव इथंच होतं!” भिंगरी ओरडली. “मी स्वतः त्याला शेवाळाने झाकलं होतं.”

आता तिथे वाळूत परातीएवढा खड्डा तेवढा उरला होता.

हिवाळ्याच्या सुट्टीत भिंगरी आणि तिचा धाकटा भाऊ मावशीकडे आले होते. मावशी हौसेने किनाऱ्याची पाहणी करायची. तिचा स्वतःचा मुलगा धरून आयती तीन मुलं हाताशी आल्यावर ती कसली सोडते! पाणी फार गार झालं की कासवं आखडतात आणि मेल्यासारखी किनाऱ्याला लागतात. सापडलं की वारा लागू नये म्हणून कोरड्या शेवाळाने झाकायचं, शेजारी पिवळा झेंडा रोवायचा आणि मावशीला बोलवायचं. भिंगरीने सगळं चोख केलं होतं. मावशी आता गाडी घेऊन रस्त्याने येत होती आणि मुलं पुढे पळत आली होती.

“चालत गेलं असेल,” धाकटा म्हणाला. खेळात त्याच्यावर राज्य येत नसे, म्हणून सगळे त्याला लिंबू म्हणत.

“आखडलेलं कासव? आणि झेंडा काखोटीला मारून?” मावसभाऊ चष्मिश खाली वाकला. “ही बघ ट्रॅक्टरची चाकं. सफाईवाले शेवाळच तर उचलतात.”

भिंगरीने कपाळावर हात मारला. तिने झाकलं, म्हणूनच ते कचऱ्यात गेलं होतं.

चाकांच्या खुणा धरून तिघं सफाईच्या शेडपाशी पोहोचली. ट्रॉली शिगोशीग भरली होती. ड्रायव्हर कानात गाणी लावून निघायच्या बेतात होता. मुकादम आडवा आला.

“कासवबिसव काही नाही. हा ढीग खड्ड्यात पुरायचाय.”

“काका, एकदा उपसून बघू द्या ना.”

“भरलेली ट्रॉली रिकामी करू? पळा इथून.”

भिंगरीला रडू येत होतं. तेवढ्यात तिला फाटकावरची पाटी दिसली: ‘पिवळा झेंडा असेल तिथे गाडी हलवू नये. हुकमावरून, मुकादम.’ पिशवीतला दुसरा पिवळा झेंडा लिंबूच्या हातात देऊन ती त्याच्या कानाला लागली.

“काका, ओलं शेवाळ जड की कोरडं?” चष्मिशने मुकादमाला बोलण्यात गुंतवलं. तोवर लिंबू मागून माकडासारखा वर चढला आणि त्याने ढिगाच्या टोकावर झेंडा रोवला.

“झेंडा, काका,” भिंगरी म्हणाली. “आणि पाटी तुमचीच आहे.”

ड्रायव्हरला हसू फुटलं. त्याने इंजिन बंद केलं. मुकादमाचं तोंड बघण्यासारखं झालं.

चाकांच्या खुणांवरून मावशीही तिथे आली तेव्हा सगळे ढीग उपसत होते. आधी ड्रायव्हरच्या नजरेतून सुटलेला मोडका झेंडा निघाला, मग कासव.

“गेलंय हो हे,” मुकादम हळूच म्हणाला.

“डोळ्याच्या कडेला बोट टेकव,” मावशीने भिंगरीला सांगितलं. “अगदी हलकं.”

काहीच झालं नाही. तिने पुन्हा बोट टेकवलं. पापणी किंचित लवली.

“जिवंत आहे,” भिंगरी म्हणाली आणि आता मात्र खुशाल रडली.

“शेकोटी पेटवू का?” मुकादमाने विचारलं.

“नको, ऊब हळूहळूच मिळायला हवी.” मावशीने कासव चादरीत गुंडाळलं. “शाब्बास रे पोरांनो. पण चूक माझीही आहे. यापुढे एकाने बोलवायला जायचं आणि दुसऱ्याने कासवाजवळ थांबायचं.”

“मी थांबणार,” लिंबू म्हणाला. या वेळी त्याला कोणी कच्चं लिंबू म्हटलं नाही.

सुट्टी संपताना प्राण्यांच्या डॉक्टरांचा निरोप आला, कासव खायला लागलंय. मुलं किनाऱ्याचा निरोप घ्यायला गेली, तर ट्रॅक्टर उभा होता आणि मुकादम गुडघ्यावर बसून शेवाळाचा ढीग हाताने चाचपत होता.

“साहेब, उशीर होतोय,” ड्रायव्हर म्हणाला.

“होऊ दे,” मुकादम म्हणाला आणि पुढच्या ढिगाकडे सरकला.