शिकाऱ्यांची वेल आणि तिरीमची मूठ

विषारी बाणाने मारलेल्या प्राण्याचं मटण खाऊनही शिकारी ठणठणीत कसे राहतात? हे कोडं आजीने कस्तुरीला घातलं तेव्हा कस्तुरीचा उजवा हात परग्रहावरच्या पाहुण्याच्या मुठीत अडकलेला होता.

झालं असं, की कोकणातल्या नव्या अंतराळतळावर तिरीम नावाचा पाहुणा उतरला. सातवीतल्या कस्तुरीने स्वागताला हात पुढे केला. त्याने तो धरला आणि आनंदाच्या भरात त्याचं सगळं अंगच आखडलं. खोबरेल तेल झालं, साबण झाला, मूठ काही सुटेना. आता कस्तुरीची बोटं निळी पडू लागली होती आणि ती रडवेली झाली होती. तिची आजी तळावरची भूलतज्ज्ञ (शस्त्रक्रियेच्या वेळी गुंगी देणारी आणि श्वास सांभाळणारी डॉक्टर) होती, हे नशीबच म्हणायचं.

"अ‍ॅमेझॉनच्या जंगलात एक वेल आहे," आजी सुई तयार करत म्हणाली. "तिचा अर्क, म्हणजे क्युरारे, शिकारी बाणाला लावत. पोटातून तो रक्तात फारसा जातच नाही, म्हणून मटण खाणारे वाचत. बाणाने आत गेला, की प्राणी लुळा."

"आणि हे तू तिरीमला टोचणार?"

"त्यावरून बनवलेलं औषध, तेही मोजून. मेंदूचा निरोप चेतातंतूंमधून (निरोप नेणाऱ्या धाग्यांमधून) येतो. टोकाशी एक रसायन सुटतं, किल्लीसारखं स्नायूच्या कुलपात बसतं आणि स्नायू आवळतो. हे औषध आधीच कुलूप अडवून बसतं. मग स्नायू सैल."

"मग प्राणी मरतो कशाने?"

"श्वासही स्नायूच घेतात ना. म्हणून माणसाला हे देताना यंत्राने श्वास द्यावा लागतो. रानातली वेल कुणी अंदाजाने वापरली, की मी ओरडते ती यासाठीच. किती द्यायचं, कुठून द्यायचं आणि देखरेखीला कोण, यावर सगळं ठरतं."

तिरीम त्वचेने श्वास घेत असे, त्यामुळे ती काळजी मिटली. आजीने त्याच्या स्नायूचा कण तपासला. कुलपं आपल्यासारखीच निघाली. उताराही (परिणाम घालवणारं औषध) त्या कणावर लागू पडला. पण त्याच्या ग्रहावर झोपच नसते, त्यामुळे गुंगी देता येणार नव्हती.

"तुला सगळं ऐकू येईल, कळेल," आजीने त्याला स्पष्ट सांगितलं, "पण दहा मिनिटं हलता-बोलता येणार नाही. चालेल?"

अंग आखडलं तरी तिरीमचं तोंड शाबूत होतं. त्याने ती निळी बोटं पाहिली.

"द्या," तो दुभाषी यंत्रातून म्हणाला.

दोन मिनिटांत मूठ उघडली. कस्तुरीने हात ओढून घेतला, चोळला. सगळे हसले, कुणी पाणी आणलं. मग तिचं लक्ष तिरीमच्या डोळ्यांकडे गेलं. ते मिटतही नव्हते. भीती वाटतेय, एवढंही त्याला सांगता येत नव्हतं.

तिने तोच दुखरा हात त्याच्या हातात दिला. "मी इथेच आहे. आजीने उतारा दिलाय, तो हळूहळू लागू पडेल. आठ मिनिटं राहिली." मग सात. मग सहा.

शेवटी तिरीमचा अंगठा हलला.

"मी फार घाबरलो होतो," तो म्हणाला. "पण तू मोजत होतीस, म्हणून हे संपणार आहे हे कळत होतं." मग त्याने विचारलं, "आमच्या जंगलातही खूप वेली आहेत. अजून कुणी तपासलेल्या नाहीत. मोठी झालीस की येशील?"

"येईन," कस्तुरी म्हणाली. "पण तोवर कुणी चाखून बघू नका."