हेस्टरबाईंचा पळालेला दगड

"पिंचिनबाई, घात झाला! माझ्या पणजोबांची पणजी चोरीला गेली!"

नॉर्मन टिबलच्या हातातलं बिस्किट चहात बुडालं. दारात विनी प्लॅकेट उभी होती. एप्रनला पीठ, टोपी तिरकी आणि हातात रुमालात बांधलेला आल्याचा केक. हाच केक आयुष्यभर बाजारात विकून तिने थॉर्नबेकच्या अर्ध्याअधिक दातांची वाट लावली होती.

"पणजोबांची पणजी?" नॉर्मन म्हणाला. "त्यांना जाऊन किती वर्षं झाली?"

"दोनशे तरी झाली असतील. तुम्ही मध्ये बोलू नका हो!"

"टिबल, खुर्ची द्या त्यांना," मिस पिंचिन म्हणाल्या. "आणि केक इकडे द्या."

थॉर्नबेकसारख्या गावात खाजगी गुप्तहेराचं पोट गुन्ह्यांवर भरत नाही. गुन्हे करायला इथे लोकांना वेळच कुठे असतो! जो तो आपले पूर्वज शोधण्यात गर्क. म्हणून पिंचिनबाई हरवलेली मांजरं आणि हरवलेले खापरपणजोबा, दोन्ही शोधून देत. नॉर्मन पूर्वी बस चालवायचा. आता तो बाईंच्या मागे फिरे आणि फावल्या वेळात स्वतःची वंशावळ लिही. दुसऱ्याच्या वंशावळीतून उतरवून उतरवून तो पंधरा दिवसांत एका उमरावापर्यंत पोचला होता, आणि तेव्हापासून टोस्टसुद्धा करंगळी वर करून खात होता.

विनीची हकीगत साधी होती. बाजारातल्या दगडी क्रॉसखालची जागा हेस्टरबाईंच्या, म्हणजे याच पणजीच्या, वंशजांची. पुराच्या वर्षी सगळे दुकानदार पळाले, तेव्हा ही एकटी बाई गुडघाभर पाण्यात केक विकत उभी राहिली, म्हणून गावाने ती जागा तिच्या रक्ताला कायमची देऊन टाकली. पण यंदा बाजार समितीला अचानक पुरावा हवा झाला होता. चर्चचे जुने कागद कधीच आगीत गेलेले. उरला होता फक्त हेस्टरबाईंच्या थडग्यावरचा दगड. समिती शनिवारी सकाळी तो वाचायला येणार होती, आणि आज गुरुवारी दगडाच्या जागी खड्डा!

"जागा गेली तर मी कुठं जाऊ?" विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "नवरा नाही, मूल नाही. प्लॅकेटांतली मी शेवटची. त्या क्रॉसखालीच मी माणसांत असते."

पिंचिनबाईंनी केकचा तुकडा तोंडात टाकला आणि कोट चढवला.

चर्चच्या आवारात सकाळचं ऊन पसरलं होतं. मधोमध, झाडाजवळ, हातभर खोल खड्डा होता. तिथून ढकलगाडीच्या चाकांच्या रेघा खडीच्या वाटेपर्यंत गेल्या होत्या. पुढे खडीवर काहीच दिसत नव्हतं.

"दगडाचं तोंड कुठं होतं?" बाईंनी विचारलं.

"उगवतीला," विनी म्हणाली. "आजी मला लहानपणी सकाळीच आणायची. अक्षरं पार झिजलीत, पण तिरपं ऊन पडलं की उठून दिसतात. मी बोटं फिरवायचे त्यांच्यावर. दुपारनंतर मात्र काही उपयोग नाही, ऊन पाठीमागे जातं."

नॉर्मनला भूक लागली होती. पूर्वेकडच्या भिंतीची छान सावली पडली होती. तिथे गवत कापायला अडचण नको म्हणून कधीकाळी उपटलेले जुने दगड भिंतीला पाठ लावून ओळीने उभे केले होते. नॉर्मन त्यातल्याच एका दगडाला टेकून बसला आणि त्याने पुडीतून चीजचं सँडविच काढलं.

तेवढ्यात धडधड करत गवत कापायचं यंत्र आलं. त्यावर चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या मिसेस क्रम्प, एखाद्या सेनापतीसारख्या.

"उठा! हे काय जेवणाचं टेबल आहे?"

नॉर्मन धडपडत उठला.

"काल दुपारी गवत कापलं तेव्हा दगड होता," मिसेस क्रम्पनी बाईंना सांगितलं. "माझं पातं घासलं ना त्याला. आणि गेला तर बरंच झालं! हे वंशावळवाले येतात, अक्षरं दिसावीत म्हणून कुणी दगडाला पीठ फासतो, कुणी दाढीचा फेस. परवा एका बिशपला मी टॉवेलने पुसून काढला!"

"तुम्हाला हा दगड नकोच होता तर," नॉर्मन संशयाने म्हणाला.

"मला इथला एकही दगड नकोय. म्हणून काय दीडशे दगड खिशात घालून नेऊ? आणि काय हो, दोन आठवडे पावसाचा थेंब नाही, मग तुमच्या पँटला मागे ओली माती कुठली? तसे गाडीत बसू नका."

नॉर्मनने पँट झटकली. बाई त्या मातीकडे जरा जास्तच वेळ पाहत होत्या, त्यामुळे त्याला अवघडल्यासारखं झालं.

पुढची भेट बार्नबी स्टोटची. हा चीजवाला. विनीला पुरावा देता आला नाही, तर जागा याला मिळणार होती. त्याची ढकलगाडी दुकानामागे उभी होती आणि तिच्या चाकांना माती होती. नॉर्मनने बाईंना कोपर मारलं.

"गाडी माझीच आहे," स्टोट म्हणाला. "पण ती रात्रंदिवस उघड्यावर पडलेली असते. अख्खं गाव नेतं. कुणी परत करताना पुसूनसुद्धा ठेवत नाही, एवढी अक्कल आहे इथल्या लोकांना!"

"तुम्हाला जागा हवी आहे ना?"

"हवी आहे. पण विनीमावशीला धंद्यात हरवून. म्हातारीची पणजी पळवून कसली जागा घ्यायची? हे घ्या, चीज खाऊन बघा."

"हाच चोर," बाहेर पडताना नॉर्मन चीज चघळत म्हणाला. "चीज मात्र चांगलं आहे."

इतिहास मंडळाचे अध्यक्ष ऑब्रे थर्कल यांच्या फाटकावर जाहिरात लावली होती. नॉर्मनने ती मोठ्याने वाचली. "'थॉर्नबेकची घराणी.' शनिवारी प्रकाशन. प्रती त्याच दिवशी सकाळी छापखान्यातून येतील. बाई, वीस वर्षं लिहीत होते हे! माझा उमराव यांच्याकडूनच उतरवलाय मी."

थर्कलसाहेब आरामखुर्चीत पडले होते. कमरेशी गरम पाण्याची पिशवी होती.

"पुस्तकांची खोकी उचलून उचलून कंबर कामातून गेली," ते कण्हले. "या, बसा. विनीबाईंचं वाईट वाटतं. पण हेस्टरला मूलबाळ नव्हतं. माझ्या पुस्तकात सगळं आहे."

"दगड वाचलात तुम्ही?"

"अर्थात! कालच संध्याकाळी. आधीच्या अध्यक्षांनी तसं लिहून ठेवलंच होतं, म्हटलं एकदा डोळ्यांनी पाहावं. स्पष्ट कोरलंय, 'पोटी मूल नाही.'"

"अक्षरं झिजली आहेत म्हणे. वाचता कशी आली?"

थर्कलांना राग आला. त्यांच्या वाचनावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. "बाई, या कामाचं एक तंत्र असतं. सूर्य मावळतीला आला होता. तिरपं ऊन दगडाच्या तोंडावर पडलं होतं. एकेक अक्षर लख्ख दिसत होतं!"

"वा," पिंचिनबाई म्हणाल्या. "फारच मोलाची माहिती दिलीत."

नॉर्मनला त्यात मोलाचं काय ते कळेना.

शुक्रवारी संध्याकाळी, चहा आटोपल्यावर, बाईंनी सगळ्यांना चर्चच्या आवारात बोलावलं. थर्कल काठी टेकत आले. विनी खड्ड्याकडे बघायचं टाळत होती.

"दगड आवाराबाहेर गेलाच नाही," बाईंनी सुरुवात केली. "तो नेणाऱ्याला स्टोटची गाडी हाताशी होती, पण ती कुणाच्याही हाताशी होती. म्हणून गाडीवरून काही ठरत नाही. मिसेस क्रम्पना दगड नको होता, पण त्यांनी तो लपवला नसता. त्यांनी वाजतगाजत फेकला असता."

"अगदी बरोबर," मिसेस क्रम्प म्हणाल्या.

"आता थर्कलसाहेब. तुमची कंबर खोकी उचलून धरली म्हणालात. पण पुस्तकं तर उद्या सकाळी छापखान्यातून यायची आहेत. मग बुधवारी उचललंत काय?"

थर्कलांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"तेही सोडून देऊ. कंबर कशानेही धरते. पण तुम्ही म्हणालात, मावळतीचं ऊन दगडाच्या तोंडावर पडलं होतं. या खड्ड्यातल्या दगडाचं तोंड उगवतीला होतं. संध्याकाळी त्याच्या तोंडावर ऊन पडणंच शक्य नाही. मग तुम्ही खोटं बोललात का? नाही! उन्हाचं तुम्ही खरंच सांगितलंत. आपल्या वाचनाची बढाई मारताना माणूस खोटं बोलत नाही. म्हणजे बुधवारी संध्याकाळी तुम्ही वाचलात तेव्हा दगड मावळतीकडे तोंड करून उभा होता. इथे तसे दगड कुठे आहेत?"

सगळ्यांच्या माना पूर्वेच्या भिंतीकडे वळल्या. ओळीने उभ्या दगडांवर सोनेरी ऊन तिरपं पडलं होतं.

"इतक्यांतला नेमका कुठला?" स्टोटने विचारलं.

"दोन आठवडे कोरड्या पडलेल्या आवारात ज्याच्या पायाशी काल जमिनीतून वर आलेली ओली माती होती, तो. शोधायचं श्रेय टिबलांना. त्यांनी त्याला टेकून सँडविच खाल्लं."

नॉर्मनचा हात नकळत पँटच्या मागच्या बाजूला गेला. अरे देवा! दिवसभर चोर शोधत फिरलो, आणि चोरीच्या मालाला टेकून जेवलो!

विनी धावत गेली. दगडावर बोट ठेवून तिने वाचायला सुरुवात केली. "'हेस्टर... केझायाची आई, जी प्लॅकेट बेकरची पत्नी...' आहे! बाई, आहे हो!"

"साहेब, का केलंत असं?" नॉर्मनने विचारलं. त्याला खरोखर वाईट वाटत होतं.

"आधीच्या अध्यक्षांचं उतरवून घेतलं मी," थर्कल कसेबसे म्हणाले. "वीस वर्षांत दगड पाहायला एकदाही आलो नाही. पुस्तक छापायला गेलं आणि एका सकाळी इथून जाताना 'आई' हा शब्द दिसला. पुढचं वाचायची हिंमतच झाली नाही. उपटून इथे आणल्यावर वाचलं."

"फोडून टाकला असता तर कुणाला सापडला नसता," स्टोट म्हणाला.

"मी इतिहासकार आहे!" थर्कल कडाडले. "दगड फोडीन होय?"

"खाली किती घाण आहे ती," मिसेस क्रम्प पुटपुटल्या. इतकी वर्षं खचत खचत जमिनीत गाडला गेलेला दगडाचा भाग त्यांनी ओल्या फडक्याने खसाखसा पुसला. माती निघाली आणि त्याखाली आणखी एक ओळ दिसू लागली. जमिनीत असल्यामुळे ती जराही झिजलेली नव्हती.

"ही तर मीही पाहिली नव्हती," थर्कल खाली वाकले आणि कमरेत कळ येऊन तसेच राहिले. "'आणि डॉर्कासची आई, जी जोनस स्टोटची पत्नी.'"

पिंचिनबाईंनासुद्धा हे ठाऊक नव्हतं. जागा हेस्टरच्या रक्ताची, आणि आता ते रक्त चीजवाल्याच्या अंगातही निघालं होतं. सकाळी समितीसमोर त्याचा हक्क विनीइतकाच होणार होता. विनीचा चेहरा उतरला.

स्टोटने टोपी काढली. "मावशी, म्हणजे मी..."

विनीने पुढे होऊन त्याचा कान धरला. "म्हणजे तू घरचा निघालास, मेल्या! मी शेवटची, मी शेवटची म्हणून जन्मभर रडत होते, आणि हा समोर चीज विकत बसलाय! बोलला का नाहीस?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं?"

"पुरे. उद्या पहाटे ये माझ्याकडे, पीठ मळायला शिकवते. आधी नखं काप."

शनिवारी समिती आली, तिने दगड वाचला आणि माना डोलावल्या. क्रॉसखाली एकाच टेबलावर केक आणि चीज मांडलेलं होतं. नॉर्मनने दोन्ही घेतलं. त्याला सुट्टे पैसे देता देता विनीने पिठाने माखलेल्या स्टोटकडे बोट दाखवलं आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा आमच्या घरातला बरं का!"