खणखणणारा कोळसा

जगभर कोळसा जाळायला बंदी येऊन एकवीस वर्षं झाली होती. नैरोबीतली हॉटेलं, साओ पावलोच्या बेकऱ्या, ओसाकातल्या खानावळी, आपले कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले, सगळ्यांच्या शेगड्या थंड. आता लाकडाचा कोळसा पाडायचा तो फक्त जमिनीत पुरायला. झाड हवेतला कार्बन खातं आणि कुजलं की परत हवेत सोडतं. पण त्याच झाडाचा कोळसा करून पुरला, तर तो हजार वर्षं कुजत नाही. तापलेल्या पृथ्वीला निववायचा एवढाच उपाय उरला होता. सवलत होती ती दवाखान्यांना आणि पाणीपुरवठ्याला, कारण तिथे कोळसा जळत नाही, नुसती घाण शोषून घेतो.

ती घाण खाऊन जुना कोळसा नवा करणारा सफाई-जिवाणू डॉ. शर्वरी गुर्जर यांनी घडवला. काय कौतुक झालं बाईंचं! चाळीस देशांनी तो आपापल्या टाक्यांत सोडला. टाकीभर पाण्याला एक थेंब पुरायचा.

आज रायगडातल्या कोळसा-भट्टीवाल्या ठकीबाई वाघमारे शर्वरीबाईंच्या टेबलावर डबा उपडा करत होत्या. आत नुसता काळा चिखल.

"आमच्या शेतातल्या खड्ड्यातला हाय. नवऱ्यानं पाडून पुरलेला कोळसा व्हता. धूर खाऊन खाऊन मेला तो. तुमीच म्हनला व्हता, हजार वरसं टिकंल."

शर्वरीबाईंनी चिखल बोटांनी चुरला. कोळशाचा खडा म्हणून हाताला लागेना. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्यांचेच जिवाणू वळवळत होते. सांडपाण्यातून शेतात पोचलेले. घाण संपली, तसे ते कोळशावरच तुटून पडले होते.

"ठकीबाई, माझं चुकलं हो. आता कुठल्याच देशातला कोळसा टिकायचा नाही. पुरलेला सगळा कार्बन परत हवेत जाणार."

"मंग माझा मानूस कशापायी मेला?"

शर्वरीबाई चिखल परत डब्यात भरू लागल्या.

ठकीबाईंनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला एक तुकडा काढला. "त्याच्या शेवटच्या भट्टीतला. फळीवर जपून ठेवलाय, मातीला लागू दिला न्हाई. मी बी हात लावत न्हाई. वाजवून बघा."

भट्टीवाले कोळसा आवाजावरून पारखतात. नीट पिकलेला कोळसा भांड्यासारखा वाजतो. शर्वरीबाईंनी तुकडा उचलला, टेबलावर हलकेच आपटला. खणखणीत वाजला. त्यांना रडूच आलं.

"ह्यो तरी टिकंल न्हवं, बाई?"

शर्वरीबाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. नखांत अजून तो ओला चिखल होता.