गालिच्याखालची माती

जया, आधी ती खी खी बंद कर, नाहीतर मी उठलो. आणि दार लोटून घ्या कुणीतरी. ही काही ऐकीव गोष्ट नाही. कुशाबा आमच्याच आळीत राहायचा, चार घरं सोडून, आणि मरेपर्यंत त्यानं यातला एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

कुशाबाचा धंदा गालिचे साफ करण्याचा, तोही गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन. त्याच्याकडे झोडायचं एक यंत्र होतं. सागवानी चौकटीत एक लाट, म्हणजे फिरता आडवा दांडा, लाटेला कातड्याचे बारा पट्टे आणि बाजूला हँडल. घडी घालून पोत्यात बांधलं की खांद्यावरून नेता यायचं. गालिचा पालथा घालायचा, त्यावर यंत्र ठेवून हँडल फिरवायचं. पट्टे सपासप बसले की आत मुरलेली माती खाली फरशीवर गळते. मग कड उचलून ती माती झाडून काढायची, मालकाला दाखवायची आणि पुन्हा फिरवायचं. मालकानं ‘पुरे’ म्हटलं की काम संपलं. तोवर हात थांबवायचा नाही, हा कुशाबाच्या बापाचा दंडक. कुशाबा बापाच्या शब्दाबाहेर जाणाऱ्यातला नव्हता.

सन अठ्ठावन्न. पौषातली संकष्टी. मुळशीला धरणाच्या काठावर मुंबईच्या एका शेठजींचा बंगला होता. शेठजी सकाळी पाहुणे घेऊन येणार, तेव्हा दिवाणखान्यातला गालिचा आदल्या दिवशी लख्ख करून ठेव, असा निरोप कुशाबाला आला. गालिचा एवढा मोठा की दारातून बाहेर निघत नव्हता. आमचा हा शहाणा सकाळची गाडी चुकला, दुपारच्या गाडीनं निघाला आणि पोहोचला तेव्हा दिवस बुडाला होता.

बंगल्यावर एकटा रखवालदार, कोंडाजी. साठीचा गडी, अंगानं काटक, डोक्याला पटका, बोलणं कमी. त्याचा उपास होता. चंद्र उगवायचा होता साडेनवाला, तरी त्यानं पाहुण्याला चहा दिला, चुलीत भाजलेली रताळी दिली. दोघं ओट्यावर बसले. समोर काळं पाणी.

“तितं आमचं घर हुतं,” कोंडाजी पाण्याकडे हात करून म्हणाला. “आख्खी वाडीच हुती. एकतीस वर्सं झाली.”

“घरची माणसं कुठं असतात आता?”

“बायको गेली. सोनी तितंच हाय.” मग पुढं म्हणाला, “तीन वर्सांची हुती. खोकला झाला, वाडी उठायच्याच आठवड्यात. परसात पुरली. दुसरीकडं कुटं नेनार? मग पानी आलं.”

कुशाबानं हातातलं रताळं खाली ठेवलं. त्यालाही लेकरं होती. म्हाताऱ्याला जरा हसवावं या विचारानं तो म्हणाला, “कोंडाजीबाबा, शेठ काही इथं नाहीत. आज तुम्हीच मालक. तुम्ही पुरे म्हणाल तेव्हाच मी थांबणार बघा.”

चुकलं ते इथं.

साडेसातला काम सुरू झालं. खुर्च्या भिंतीला लावल्या, गालिचा पालथा घातला, कंदील टेबलावर. पहिल्या फेरीला नेहमीचीच धूळ निघाली. दाण्याची फोलपटं, सिगारेटची राख, एक टाचणी. दुसऱ्या फेरीला निघाली तांबडी माती. तिसऱ्या फेरीला भाताचं तूस, चुलीतली राख आणि शेणानं सारवलेल्या जमिनीचे पोपडे. फरशी संगमरवरी, गालिचा काश्मिरी, वर सदानकदा बुटाचे पाय. हे तूस आलं कुठून?

कोंडाजी खाली बसला. चिमूटभर माती त्यानं बोटांत चोळली, नाकाशी धरली.

“ही आमच्या परसातली हाय.”

“बाबा, माती सगळीकडची सारखीच असते.”

“फिरवा तुमी.”

कुशाबानं फिरवलं. चौथ्या फेरीला माती ओली निघाली. तिच्यात एक मनगटी होती, काळ्या मण्यांची. कोंडाजीच्या तीन बोटांतसुद्धा जेमतेम गेली असती एवढीशी.

त्यानं ती उचलली. पुसली. मुठीत धरली.

“फिरवा.”

“बाबा, पुरे म्हणा आता...”

“फिरवा म्हनतोय न्हवं!”

पाचवी फेरी. पट्टे बसले... आणि गालिच्याखालून कुणीतरी खोकलं.

बारीक खोकला. लहान पोराचा.

कुशाबानं हँडल सोडलं. हात वर केले. हँडल फिरतच राहिलं. पट्टे बसतच राहिले... सप... सप... सप... आणि दर फटक्याला खाली ते खोकणं.

“पुरे!” कुशाबा ओरडला. “पुरे, पुरे!”

काही झालं नाही. मालक तो नव्हता. त्यानं यंत्राची चौकट दोन्ही हातांनी ओढली. हलेना. पट्टा धरायला गेला, तर तळहात सोलून निघाला.

“बाबा, तुम्ही म्हणा! तुमच्याशिवाय थांबायचं नाही हे! एकदा म्हणा!”

कोंडाजी रडत होता. आवाज न करता.

“कसं म्हनू? पुरे म्हनलो तर जाईल ती. एकतीस वर्सांनी आली...”

सप...

खोकता खोकता आता ते लेकरू रडायला लागलं.

“तिला लागतंय,” कोंडाजी म्हणाला. “कुशाबा, तिला लागतंय रं...”

पुरे म्हणवत नव्हतं. ऐकवतही नव्हतं. कुशाबा सांगायचा, माणसाचं तोंड इतकं असहाय झालेलं मी जन्मात पाहिलं नाही. कुशाबानं त्याचा दंड धरला. म्हाताऱ्यानं तो हिसडून सोडवला. गालिच्याची कड उचलली... आणि तो आत सरपटत गेला. डोकं, खांदे, मग पाय.

मधोमध गालिचा उंच झाला. लेकराला पोटाशी धरून कुणी पाठ वर करावी, तसा.

पट्टे त्या पाठीवर बसू लागले.

एक... दोन... कुशाबानं मोजले. दुसरं करणार काय? अकरा...

बारा...

थांबले.

म्हणजे आत कुणीतरी पुरे म्हणालं असणार. कुशाबाला ऐकू आलं नाही.

गालिचा हळूहळू खाली बसला. सपाट झाला.

कुशाबा धावत सुटला तो थेट खालच्या कातकऱ्यांच्या वस्तीवर. सावळ्या नावाचा एक मासे धरणारा जागा होता, त्याला घेऊन तो परत आला. दोघांनी मिळून गालिचा उचलला. फरशी कोरडी, लख्ख. माती नाही, मनगटी नाही, कोंडाजी नाही. सगळ्या खोल्या पाहिल्या, विहिरीत कंदील सोडला. नाही.

ओट्यावर आले तेव्हा नुकता चंद्र उगवला होता.

ओट्याच्या तुळईला कोंडाजीचा पटका बांधलेला होता. रानात कामाला गेलेल्या बाया लेकरासाठी झाडाला बांधतात ना, तशी झोळी. वारा पडलेला होता आणि झोळी हलत होती. सावकाश.

कुशाबा उंबऱ्यातच थांबला. सावळ्या पुढं झाला. त्यानं झोळीत हात घातला... आणि तसाच उभा राहिला.

“काय आहे?” कुशाबानं विचारलं.

“कायबी न्हाई,” सावळ्या म्हणाला. “पर ऊब हाय.”